कुंपण कुणासाठी घालायचं: आतल्या कुत्र्यासाठी की बाहेरच्यांसाठी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. नाशिकजवळ मखमलाबाद शिवारात दहा गुंठ्यांवर घर बांधून तुम्ही उन्हाळ्यात राहायला आलात. घरात दोन कुत्री, चार वर्षांची लॅब्रॅडोर आणि दीड वर्षाचा हस्की मिक्स. हद्दीवर सध्या सिमेंटचे पोल आणि काटेरी तार. एका अंगाला शेजाऱ्यांची द्राक्षबाग, तिच्या टोकाला त्यांचं शेततळं, समोर डांबरी रस्ता. हस्की तीन महिन्यांत चार वेळा पळाला. तुमचे दीर दिवाळीत अमेरिकेहून येताना जमिनीत पुरायची तार आणि गळ्यात घालायचा पट्टा असा सेट घेऊन येतो म्हणालेत. मिस्टरांना ते पसंत आहे, कारण आवार मोकळं दिसेल. सासूबाई म्हणतात, सहा फुटी भिंत घाला आणि सुटा एकदाचे. आणि गवंड्याने भिंतीचा आकडा सांगितल्यापासून घरात कुणीच काही बोलत नाही.

मी नाशिकमध्ये एकवीस वर्षं कुत्री शिकवतोय. आता निम्मं काम पळणाऱ्या कुत्र्यांचंच असतं. मत आधीच सांगून टाकतो. भिंत नको, दिरांचा सेटही नको. घराला लागून छोटं पण पक्कं जाळीचं आवार करा आणि रात्री कुत्री छपराखाली, बंद दाराआड ठेवा. पुढे जे लिहितोय ते का, त्याबद्दल आहे. ते माहीत नसलं तर वेल्डर आणि जाळीवाला त्यांना सोयीचं असेल ते करून जातील.

तुम्ही तिघंही हस्की बाहेर कसा जातो याच विचारात आहात. पण कुंपणाची कामं दोन असतात. आतल्याला आत ठेवायचं आणि बाहेरच्याला बाहेर. पट्ट्याचं यंत्र पहिलं काम करतं, तेही बऱ्यापैकी. दुसरं काम ते करतच नाही, कारण बाहेरच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसतो. दिरांच्या अमेरिकेतल्या वसाहतीत दुसऱ्या कामाची फारशी गरज पडत नसेल. तिथे रस्त्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या नाहीत, मागच्या उसातून बिबट्या येत नाही. मखमलाबादला दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं आहे, रात्री तर जास्तच.

इथे एक घोळ आधी मिटवतो. आपल्याकडे ‘इलेक्ट्रिक कुंपण’ म्हटलं की जाळीवाला, वायरमन आणि शेजारचे शेतकरी तिघंही वेगळंच काही समजतात. त्यांच्या डोळ्यासमोर येतं ते झटका मशीन. रानडुकरं, हरणं पिकात शिरू नयेत म्हणून उघड्या तारांतून साधारण सेकंदाला एक असा काही हजार व्होल्टचा, पण अगदी क्षणभराचा झटका सोडणारं. प्रमाणित यंत्र नीट लावलं तर त्याने सहसा जीव जात नाही, पण पाळीव कुत्र्यासाठी ते नव्हेच. कुत्रा नवीन वस्तू ओल्या नाकाने तपासतो, झटका बसला की पुढे उडी मारतो आणि तारांत गुंततो. आणि कुणी ‘मशीन कशाला, लाईटच्या तारेवरून थेट करंट देऊ’ असं म्हणालं तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. त्यात कुत्रंच काय, गडीमाणूसही मरतो, आणि तो गुन्हा आहे.

दिरांचा सेट हा तिसराच प्रकार. घरात एक छोटी पेटी असते. तिच्यातून निघालेली तार हद्दीवरून फिरून पुन्हा पेटीलाच येऊन मिळते. त्या अखंड वळशात रेडिओचा हलका सिग्नल फिरतो. कुत्रा तारेच्या जवळ आला की पट्टा आधी आवाज करतो, आणखी पुढे गेला की पट्ट्याच्या दोन खिळ्यांतून मानेला झटका बसतो. तार पुरायची नसेल तर दुसरा प्रकार उपग्रहावर चालतो, पट्ट्यातच जीपीएस असतं. तो तुमच्या जागेसाठी लगेच बाद करतो. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. जागा चौकोनी धरली तर एक बाजू साधारण 104 फूट, म्हणजे 32 मीटर. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे चुकतंच, झाडाखाली आणि पत्र्याच्या शेडजवळ जास्त. प्रत्येक बाजूने पाच मीटर सोडले तर कुत्र्याच्या वाट्याला निम्म्याहून कमी जागा उरते. ते यंत्र पाच-दहा एकरांच्या मळ्याला शोभतं.

तार पुरण्याच्या प्रकाराबद्दल मात्र मी अनुभवाने बोलू शकतो, कारण मी स्वतः ती बसवून दिली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्र्यंबक रोडला एका निवृत्त गृहस्थांच्या वीस गुंठ्यांत. कुत्रा होता राजा, डॉबरमन आणि गावठीचं मिश्रण, डोक्याने तल्लख. जमिनीत छोट्या पांढऱ्या झेंड्या रोवून मी त्याला तीन आठवडे शिकवलं. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, दोरीवर. पहिला आठवडा फक्त आवाज. आवाज आला की मागे वळायचं, वळला की तोंडात चिकनचा तुकडा. झटका जवळजवळ लागलाच नाही. आठ महिने राजाने रेष ओलांडली नाही आणि मी लोकांना ते आवार कौतुकाने दाखवत होतो.

मग एका डिसेंबरच्या संध्याकाळी पलीकडच्या नाल्याकडून चार-पाच भटकी कुत्री आत आली. त्यांना अडवणारं काही नव्हतंच. राजा कोपऱ्यात सापडला. पुढे टोळी, मागे रेष. एरवी कुठलाही कुत्रा अशा वेळी शेपूट घालून रानात पळाला असता. हा पळाला नाही, आवाज आला की मागे फिरायचं हे त्याच्या अंगात मुरलं होतं. मी मुरवलं होतं. तीसच्या वर टाके पडले, रेबीजच्या लसी पुन्हा सुरू झाल्या. वाचला तो. त्यानंतर त्या मालकांनी जाळी घातली आणि मी तारेची कामं घेणं थांबवलं.

सगळ्याच कुत्र्यांचं असं होतं असं मी म्हणत नाही. उलटही होतं. तुमच्या हस्कीसारखा शिकारी ओढीचा कुत्रा समोर मुंगूस किंवा मांजर दिसलं की आवाज ऐकतच नाही. झटका त्याला लागतो तोवर तो पलीकडे गेलेला असतो, लागलाच तरी त्या भरात कळत नाही. मजा संपल्यावर परत यायला निघतो तेव्हा रेष पुन्हा समोर, आणि आता भर ओसरलेला. म्हणजे जायला एक झटका आणि यायला एक. माझ्याकडे आलेल्या अशा कुत्र्यांपैकी काही तासन् तास फाटकाबाहेर बसून राहायची, आत यायची हिंमत नाही म्हणून. घरचे म्हणायचे, ‘कुत्रा रुसलाय.’

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. झटका कशामुळे बसला हे कुत्रा त्या क्षणी जे दिसतं त्यावरून ठरवतो. त्याला तार दिसत नाही. दिसतो तो रस्त्याने सायकलवर जाणारा शाळेचा मुलगा. दोन-चार वेळा असं झालं की सायकल म्हणजे दुखणं असं गणित त्याच्या डोक्यात बसतं, आणि जो कुत्रा पूर्वी शेपूट हलवत रेषेकडे जायचा तो दात दाखवत जायला लागतो. भित्र्या कुत्र्यात हे पटकन होतं. तुमची लॅब फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जाते असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तिच्या गळ्यात तर हा पट्टा मुळीच नको. वेल्समध्ये 2010 पासून कुत्र्या-मांजरांना विजेचा झटका देणारे पट्टे घालायला बंदी आहे. मी तेवढ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवत नाही, काम नीट केलं तर झटका क्वचितच लागतो हे मीही पाहिलंय. पण ते ‘नीट’ म्हणजे तीन-चार आठवडे रोज कुणीतरी वेळ द्यायचा. तुमच्या घरात तो कोण देणार, हे पत्रात नाही.

आता आपल्या मातीचं. तुमच्या भागात वरती काळी माती, खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चार इंचांवर पुरलेली तार त्या भेगेत ताणली जाते आणि जिथे जोड आहे तिथे तुटते. तुटली की पूर्ण वळसा बंद. पेटी पिकपिक करून सांगते, पण पेटी असते जिन्याखाली आणि वीज गेलेली असते. कुत्र्याला मात्र कळतं. तो रोज रेषेजवळ जाऊन कान देतो, आणि ज्या दिवशी आवाज येत नाही त्या दिवशी तो निघतो. शिवाय पावसाळ्याआधीच्या वळिवात वीज जवळपास पडली तर एवढ्या लांब तारेतून पेटीच जळते. द्राक्षबागेच्या मांडवाला लागून तार गेली तर सिग्नल मांडवाच्या लोखंडी तारांत उतरतो आणि पट्टा नको तिथे वाजायला लागतो. अशा कुत्र्याला आपल्याच अंगणात कुठे सुरक्षित आहे ते कळेनासं होतं. पट्टा दिवसरात्र घालून ठेवला तर मानेवर जखमा होतात, म्हणून रात्री काढावाच लागतो. म्हणजे नेमक्या रात्री कुंपण नाही. आणि हस्कीच्या दाट केसांत ते खिळे कातडीपर्यंत पोचतात का, हा प्रश्न उरतोच. (हस्की मखमलाबादच्या एप्रिलमध्ये का, हे मी विचारत नाही. आता आहे तर आहे.)

तरी अशा काही जागा आहेत जिथे मी अजूनही ‘तारेचा विचार करा’ म्हणेन. गोदावरीच्या पूररेषेत जागा असेल तर भिंतीला परवानगीचा प्रश्न येतो, आणि जाळी बांधली तरी पुरात तिच्यात झाडपाला, गवत अडकतं आणि पाण्याच्या रेट्याने ती पोलांसकट आडवी होते. भाड्याची जागा असेल, मालक खड्डे करू देत नसेल. किंवा बाहेर पक्कं कुंपण आहेच आणि आत फक्त विहीर नाहीतर फुलबाग राखायची आहे. अशा ठिकाणी ते दुसरं कुंपण म्हणून चालतं, आणि झटका बंद करून नुसत्या आवाजावर शिकवता येतं. दीर सेट घेऊनच आले तर त्याचा असा उपयोग करा. पण पेटीच्या अडॅप्टरवर ‘100 ते 240 व्होल्ट’ असं छापलेलं आहे का ते आधी बघा. फक्त 110 असेल तर आपल्या 230 वर लावल्या क्षणी दिवाळीआधीच फटाका वाजेल.

इथवरचं एकदा जुळवून घेतो. तारेचं यंत्र बाहेरच्याला अडवत नाही, तुमच्या हस्कीला भरात अडवेल याची खात्री नाही, लॅबला भित्री करेल, आणि काळ्या मातीत ते सांभाळणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. म्हणून पक्कं कुंपण. आता ते कसलं आणि कुठे.

सासूबाईंचं भिंतीचं मत चूक नाही, फक्त महाग आहे. दहा गुंठ्यांचा घेर साधारण 417 फूट भरतो. तेवढी सहा फुटी भिंत, तीही काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत नेऊन, म्हणजे गवंड्याने जो आकडा सांगितला तो फार फुगवलेला नसावा. प्रीकास्टच्या तयार फळ्या स्वस्त पडतात, पण माती हलली की पोल तिरके होतात आणि दोन फळ्यांमध्ये कुत्र्याचं डोकं जाईल एवढी फट पडते. दगडी गडगा मात्र कुणी सुचवला तर नको म्हणा. दिसायला छान, पण त्या सांदीत उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस. गडग्यात नाक खुपसून चावून घेतलेली कुत्री मी दोनदा गाडीतून डॉक्टरांकडे नेली आहेत.

पण मुळात कुत्र्याला दहा गुंठे लागतात कुठे? घराच्या मागच्या भिंतीला लागून 40 बाय 30 फुटांचं आवार करा. घराची भिंत ही चौथी बाजू धरली की जाळी फक्त 100 फूट लागते. 417 च्या जागी 100. उरलेल्या पैशात जाळी हलकी न घेता जाड घ्या. हद्दीवरची काटेरी तार तशीच राहू द्या, पण कुत्री तिथवर एकटी जाणार नाहीत. तिकडे न्यायचं तेव्हा तीस फुटी लांब दोरीवर न्या. काटेरी तारेखालून घाईने सरपटताना पाठीची कातडी वीतभर फाटलेली कुत्री दरवर्षी येतात. ती तार गाईगुरांसाठी आहे, कुत्र्यासाठी तिचा उपयोग शून्य.

जाळीवाल्याशी बोलताना गेजचा आकडा उलटा चालतो हे लक्षात ठेवा. आकडा लहान तितकी तार जाड. 12 गेज म्हणजे साधारण 2.6 मिलिमीटर, 10 गेज म्हणजे सव्वातीन. तो तुम्हाला 14 दाखवेल आणि ‘सगळे हीच नेतात’ म्हणेल. सगळे ती कोंबड्यांसाठी नेतात. तुम्ही 10 गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली, जाळी मागा. लॅब एकटी असती तर पाच फूट उंची पुरली असती, हस्कीसाठी सहा फूट हवी. चेनलिंकचे, म्हणजे तारा एकमेकींत गुंफून केलेल्या जाळीचे, चौकोन तिरके असतात आणि चढणाऱ्या कुत्र्याला ते शिडीसारखे वापरता येतात. म्हणून जमलं तर हस्कीच्या बाजूला बारीक घराची वेल्डमेश, म्हणजे उभ्याआडव्या तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, एक बाय दोन इंचाची. तिच्यात पंजा रुतत नाही. वरच्या टोकाला अँगल आतल्या बाजूला दीड फूट वाकवून त्यावर जाळी न्या. चढून वर आलेला कुत्रा तिथे डोक्यावर छत बघून खाली उतरतो.

पण खरं युद्ध खाली असतं, आणि तिथेच सगळे पैसे वाचवायला जातात. हस्की उकरणार. जाळी जमिनीला टेकवून सोडली तर पहिल्या पावसानंतर, माती मऊ झाली की, अर्ध्या तासात तो बाहेर. माझ्याकडे दोन उपाय आहेत. जाळीच्या रेषेखाली नऊ इंच खोल आणि सहा इंच रुंद पीसीसीची, म्हणजे साध्या सिमेंट काँक्रीटची, पट्टी ओतायची आणि जाळीचं खालचं टोक तिच्यात गाडायचं. हे टिकाऊ, पण काळ्या मातीत पट्टीला तडे जातात, म्हणून एखादी सळई टाकायला लावा. दुसरं स्वस्त आहे. आतल्या बाजूला जाळीची दोन फूट रुंद पट्टी जमिनीवर आडवी पसरायची, उभ्या जाळीला तारेने शिवायची आणि वर दोन-तीन इंच मुरूम टाकायचा. कुत्रा जाळीच्या अगदी मुळाशी उकरतो, तिथे पंजाला जाळी लागते, आणि दोन फूट मागे सरकून बोगदा खणायची अक्कल फारच थोड्यांना असते. एका बीगलला होती. त्याच्या मालकांकडे मी तीन वेळा गेलो.

पोल आठ फुटांवर एक, खड्डा दोन फूट आणि तळ मुरमाला टेकलेला. कोपऱ्यातल्या पोलांना तिरके आधार हवेतच, नाहीतर ताण दिला की कोपरे आत ओढले जातात आणि मधली जाळी झोळीसारखी लोंबते. मग लोक ओळखीच्या नर्सरीतून हिरवी शेडनेट आणून पूर्ण सहा फूट जाळीला बांधतात, कुत्रा रस्त्याकडे बघून भुंकू नये म्हणून. कल्पना बरोबर, उंची चूक. वादळी वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि पोल उपटते. खालचे तीन फूटच झाका. कुत्र्याची नजर तेवढ्याच उंचीवर असते, वरून वारा जाऊ द्या.

फाटकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पळालेल्या कुत्र्यांपैकी माझ्या अंदाजाने निम्मी जाळीतून गेलेलीच नसतात, फाटकातून गेलेली असतात. दूधवाला, सिलेंडरवाला, मोटर बघायला आलेला वायरमन. कुणीतरी फाटक ढकलतो आणि हस्की त्याच्या पायांमधून. म्हणून आवाराला एक नको, दोन फाटकं करा, एकामागे एक, मध्ये चार-पाच फुटांची जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही फाटकं आत उघडणारी हवीत, म्हणजे कुत्रा अंगावर आला तर फाटक बंद होतं. खाली फट दोन इंचांपेक्षा जास्त नको, आणि फाटकाखाली सिमेंटचा उंबरा हवाच. माती असेल तर तिथेच उकरलं जातं. आडवी सरकवायची कडी हस्की पंजाने सरकवतो, मी पाहिलंय. कोयंडा घ्या आणि त्यात कुलूप नको तर निदान साधा हुक अडकवा.

आता रात्र. इथे जाळीसुद्धा पुरत नाही हे मोकळेपणाने सांगतो. गेल्या काही वर्षांत गंगापूर रोड, पाथर्डी, देवळाली, नाशिकरोड या भागांत बिबटे दिसल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तुमच्याकडे तर मळे, ओढा, नदीकाठ सगळंच लागून आहे. बिबट्याला कुत्रं हे सोपं खाद्य आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने आहारातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. शेळ्यांपेक्षाही कितीतरी जास्त. सहा फुटी जाळी किंवा भिंत बिबट्याला एका उडीचं काम आहे. आणि उघड्या आवारातला कुत्रा त्याच्यासाठी बांधून ठेवलेल्या बकरीसारखाच. तो पळूही शकत नाही.

म्हणून आवाराच्या घराकडच्या कोपऱ्यात आठ बाय दहाची खोली करा, वर पत्रा, पत्र्याखाली तीच 10 गेजची जाळी, पुढचं दार लोखंडी चौकटीचं आणि कडी आतून हात घालून उघडणार नाही अशी. दिवेलागणीला कुत्री आत, उजाडल्यावर बाहेर. घरात घेत असाल तर त्याहून उत्तम, खोलीचे पैसेही वाचले. नुसता मोठा दिवा लावून भागत नाही, बिबट्याला दिव्याची सवय होते. कोंबडीची आतडी, उरलेलं मटण आवाराजवळ टाकू नका, त्या वासाने आधी भटकी कुत्री येतात आणि त्यांच्या मागावर तो. पायाचे ठसे दिसले तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईनला कळवा. स्वतः बॅटरी घेऊन बघायला जाऊ नका.

द्राक्षबागेचं राहिलं. तुम्ही शेजाऱ्यांच्या फवारणीची काळजी लिहिली आहे, ती योग्यच. पण खुद्द द्राक्षंच कुत्र्याला विषारी असतात हे आपल्या द्राक्षांच्या जिल्ह्यातही फार कमी लोकांना माहीत आहे. द्राक्षं आणि बेदाणे, दोन्हीने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल ते कुत्र्यागणिक बदलतं. लॅब तर पडलेला घडच्या घड संपवते. खुड्याच्या दिवसांत, जानेवारी ते एप्रिल, तिला त्या बाजूला दोरीवरही नेऊ नका. खाल्ल्याचा संशय आला तर उलट्या व्हायची वाट बघू नका, लगेच डॉक्टर.

आणि शेततळं. तिथे कुत्रं पाणी प्यायला उतरतं आणि प्लास्टिकच्या कागदावर पंजे घसरत राहतात. पोहता येतं, वर चढता येत नाही. दमेपर्यंत पोहतं आणि बुडतं. शेजाऱ्यांना विनंती करून चारही काठांवर जुने टायर दोरीला बांधून पाण्यात सोडायला सांगा. खर्च काही नाही आणि उद्या त्यांचंच वासरू किंवा पोर पडलं तर तेच टायर कामाला येतील, असं सांगा. लगेच ऐकतात.

मिस्टरांना मोकळं आवार हवंय, आणि तुम्ही लिहिलंय की आवार होईपर्यंत हस्कीला साखळीने बांधून ठेवू. दोन-चार तास, सावलीत, लांब दोरीने, समजू शकतो. पण महिनोन् महिने आखूड साखळीवर नको. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं ही क्रूरताच धरली आहे. शिवाय बांधलेला कुत्रा चिडका होतो हे मी कायद्याशिवायही सांगतो. दुसऱ्या बाजूने, तो सुटून रस्त्यावर कुणाला चावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 तुमच्याकडे बघतं. जनावर सांभाळण्यात हयगय केली म्हणून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पट्टा चालू होता, तार तुटली होती, हे पोलीस चौकीत सांगायला फार अवघड जातं.

हस्कीची नसबंदी अजून केली नसेल तर आवाराच्या आधी ती करा. आसपास एखादी कुत्री हीटवर आली की नर कुत्रा मैलभरावरून वास घेतो आणि मग 10 गेज काय, 8 गेजलाही दातांनी सोडत नाही. जाळी पूर्ण झाल्यावरही पहिले पंधरा दिवस त्याला आत एकटं सोडू नका. तुम्ही आत खुर्ची टाकून चहा घेत बसा, आणि तो कुठे जातो, कुठे थबकतो ते बघा. दोन वेळची फेरी बंद करू नका. दिवसभर आवारात होता म्हणून फिरवलं नाही, हे कारण हस्कीला मान्य नसतं. तो त्याचा व्यायाम खणून पूर्ण करतो.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी रात्रीची खोली, मग फाटकं, मग जाळी. बजेट मध्येच संपलं तर खोली आणि फाटक झालेलं असू द्या. जाळी दोन महिन्यांनी झाली तरी चालेल, तोवर दोरी आहे. जाळीवाल्याचा दर रनिंग फुटात, म्हणजे लांबीच्या दर फुटामागे, घ्या, आणि पोल, पीसीसी, मजुरी त्यात धरली आहे का ते कागदावर लिहून घ्या.

त्याला बोलावण्याआधी एक करा. संध्याकाळी हस्कीला लांब दोरीवर घ्या आणि नियोजित आवाराच्या रेषेवरून सावकाश चालवा. तुम्ही दिशा देऊ नका, तो नेईल तिकडे जा. जिथे थांबून तो नाक जमिनीला लावेल, पंजाने माती ओढेल, तिथे चुन्याची मूठ टाका. तो आधी ज्या जागेवरून पळाला ती जागाही त्यात येईलच, आणि तुमच्या लक्षात न आलेल्या आणखी दोन तरी निघतील. खालची पीसीसी पट्टी त्या खुणांपासून सुरू करायला सांगा.